साहेबाची पेन्शन

"वाच," म्हणत ढवळ्यांनी पाकीट माझ्यासमोर टाकलं आणि स्वतः मोरीत पाय धुवायला गेले.

मी शेंगा फोडत बसले होते. शेजारी आमची लेक वैजू एकेक दाणा निवडून वाटीत टाकत होती. पाकिटातला कागद इंग्रजीत होता. रेल्वेचा शिक्का तेवढा मला ओळखता आला.

"मला कुठं वाचता येतंय? तुम्हीच सांगा काय ते."

"मी साहेब झालो," मोरीतून आवाज आला.

मला वाटलं, गंमत करतायत. आमचे ढवळे दौंडला मेल गाडीचे ड्रायव्हर. साहेब लोकांची नक्कल करून दाखवणं हा त्यांचा आवडता उद्योग. मांडीवर फाईल घेतल्यासारखं करायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि म्हणायचे, "ढवळे, गाडी सात मिनिटं लेट का झाली? लेखी उत्तर द्या." कॉलनीतल्या बाया हसून हसून लोळायच्या. असा माणूस आणि साहेब?

पण ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी सोबतचे चार ड्रायव्हर अधिकारी व्हायच्या परीक्षेला बसले, म्हणून हेही बसले होते. चौघं नापास झाले आणि हे पास. मग तोंडी परीक्षा झाली, मेडिकल झाली आणि कागद कुठेतरी अडकून पडला. आम्ही विसरूनही गेलो. आता रिटायर व्हायला दोन वर्षं उरली असताना तो उगवला. महिन्याच्या आत सोलापूरच्या ऑफिसात हजर व्हा, नाहीतर नको म्हणून लिहून द्या. या लिहून देण्याला आमच्याकडे रिफ्यूजल म्हणत.

"आता टाय बांधणार वाटतं," मी म्हणाले. "त्या ढेरीवर टाय कुठपर्यंत येईल हो?"

वैजू टाळ्या पिटायला लागली. तिला हसायला कारण लागत नाही. वयाने ती तेव्हा पंचविशीची होती, पण तिचं मन सहा-सात वर्षांचं होऊन तिथेच थांबलं होतं. वेणी मी घालायची, ताटात भात मी कालवून द्यायचा. मात्र शेंगा निवडायला तिच्यासारखं कुणी नाही, एक खवट दाणा सुटायचा नाही.

ढवळे पाय पुसत बाहेर आले. मला वाटलं होतं, हसतील, मला टोला देतील. ते नुसते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "जातो म्हणतोय सोलापूरला."

"बघू की. आधी मुलाणीभाऊंना विचारू."

मुलाणीभाऊ म्हणजे आमच्याकडचे वेल्फेअर इन्स्पेक्टर. कोण कधी रिटायर होणार, कुणाला काय मिळणार, कुणाच्या विधवेचे कागद कुठे अडलेत, हे सगळं त्यांना तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी आधी पेढे मागितले, मग चहा मागवला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वैनी, तुम्ही आलात ते बरं केलंत. ढवळ्यांना हिशेब कळत न्हाई."

"म्हणूनच आले. साहेबाची पेन्शन जास्त आसंल न्हाई का?"

"तिथंच सगळे फसतात." मुलाणीभाऊंनी टेबलावरचा पेपरवेट माझ्यासमोर ठेवला. "हा ड्रायव्हरचा मूळ पगार समजा. गाडी चालवणारा माणूस रिटायर झाला, की त्याच्या पेन्शनीला एवढाच पगार धरत न्हाईत. वर आजून निम्म्याहून जास्त धरतात." त्यांनी चष्म्याचं घर त्या पेपरवेटवर ठेवलं. "आन् माणूस खुर्चीवर गेला, साहेब झाला, की हे वरचं गेलं." त्यांनी घर उचलून खिशात घातलं. "साहेबाचा मूळ पगार थोडा जास्त आसतो. पन त्यानं हे भरून निघत न्हाई."

"म्हंजे साहेबाला पेन्शन कमी?"

"ड्रायव्हरातून साहेब झालेल्याला कमी. आपले कसबेसाहेब बघा की. त्यांच्या हाताखालचे ड्रायव्हर आज त्यांच्यापेक्षा जास्त पेन्शन उचलतात. बँकेत एका रांगेत उभे ऱ्हातात, तवा कसबेसाहेब पासबुक छातीशी धरून ठेवतात."

मी हसले. कसबेसाहेबांची बायको माझ्या ओळखीची. तिला विचारलं तर ती सांगायची, की यांना वर्षातून तीन वेळा फर्स्ट क्लासचा पास मिळतो, पण फुकट प्रवास करून जायचं कुणाकडे?

"पास मिळंल, मान मिळंल," मुलाणीभाऊ म्हणाले. "रिटायर होताना हार मोठा मिळंल. पन तुमचं घर येगळं हाय वैनी. तुमच्या दोघांच्या मागं ती पेन्शन वैजूला जानार हाय. जन्मभर. रेल्वेत तशी सोय हाय. ढवळ्यांची जेवढी मोठी, तेवढी पुढं तुमची मोठी, आन् तेवढी तिची मोठी."

हे मात्र माझ्या काळजाला लागलं. बाकी कुणाला पेन्शन म्हणजे म्हातारपणीचं दूध-औषध. मला ती वैजूची भाकरी होती. आम्ही गेल्यावर तिला कोण बघणार हा विचार मी रोज अंथरुणावर पडल्यावर करायची आणि रोज त्याचं उत्तर तेच यायचं. पैसा असला तर कुणीतरी बघेल. माझी भाची होती, तिचा जीव होता वैजूवर. पण तिच्या घरात तिचं किती चालतं तेही मला ठाऊक होतं. वैजू स्वतःचं खर्चपाणी घेऊन गेली तर उंबऱ्याच्या आत राहील, नाहीतर नाही.

"मग ठरलं," मी म्हणाले. "रिफ्यूजल द्यायची. दोन वर्षं काय, आशी निघून जातील."

ढवळ्यांनी एकच गोष्ट विचारली.

"मुलाणी, हो म्हणलं तर इंजिनावरनं किती दिवसांत सोडतात?"

"सोडतील आठ-दहा दिवसांत. पन हो कशाला म्हणताय?"

"आसंच विचारलं."

घरी येताना रस्ताभर मी बोलत होते आणि ते ऐकत होते. घरात पाऊल टाकलं आणि ते म्हणाले, "मी सोलापूरला जानार."

मी आधी समजावलं. मग आवाज चढवला. तरी हा माणूस ढिम्म. आमच्या लग्नाला तेव्हा तीस-बत्तीस वर्षं झाली होती. भांडणं काय कमी झाली होती? पण प्रत्येक भांडणात ते माझ्यापेक्षा जास्त बोलायचे. या वेळी ते पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

"आवो, जन्मभर साहेबांना शिव्या दिल्यात तुम्ही. आता म्हातारपनी कशाची हौस आलीय?"

"हौस म्हन."

"आपल्या मागं वैजूचं काय?"

त्यावर ते उठले आणि परसात गेले. मी मागून जाऊन म्हणाले, "लोकांनी सलाम ठोकावा म्हणून पोरीच्या तोंडातला घास काढताय तुम्ही." हे फार झालं असं म्हणतानाच मला वाटलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. त्यांनी डबी काढली, तंबाखू मळली, दाढेखाली धरली आणि भिंतीपलीकडच्या रुळांकडे बघत उभे राहिले.

दोन दिवसांनी माझाच हेका चालला. चालला म्हणजे काय, ते बोलेनासे झाले आणि मी त्याचा अर्थ होकार असा लावला. मुलाणीभाऊंना निरोप धाडला, की रिफ्यूजलचा कागद टाईप करून घेऊन या, सही घेऊन जा. ते म्हणाले, सोमवारी सकाळी येतो. सोमवारीच दुपारी ढवळ्यांना सोलापूरकडची मेल न्यायची होती.

रविवारी संध्याकाळी मी परसात दोरीवरचे कपडे काढत होते. ढवळे आणि वैजू मागच्या पायरीवर बसले होते. हा त्यांचा रोजचा खेळ होता. आमच्या परसाच्या भिंतीवरून यार्डातला एक सिग्नल दिसायचा. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट सिग्नल दिसला की एकमेकांना मोठ्याने पुकारून सांगतात. एकाने हात वर करून रंग सांगायचा, दुसऱ्याने स्वतः बघून तोच रंग परत म्हणायचा. एकट्याच्या डोळ्यावर गाडी सोडायची नाही म्हणून ही पद्धत. ढवळ्यांनी ती वैजूला लहानपणीच शिकवली होती. बाकी काही न शिकलेली माझी पोर सिग्नल मात्र बिनचूक पुकारायची. मुद्दाम चूक केली तर ढवळे तोंडाने ब्रेकचा कर्कश्श आवाज काढायचे, गाडी थांबवायचे आणि तिचा कान धरायचे. त्या कान धरण्यासाठीच ती कधीमधी चूक करायची.

दिवे लागायची वेळ होती. सिग्नल लाल होता. वैजूने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि हात वर केला.

"बाबा, हिरवा!"

ढवळ्यांनी हात वर केला. "हिरवा," ते म्हणाले.

वैजू कान पुढे करून थांबली. कान कुणी धरला नाही. तिने परत सिग्नलकडे बघितलं, परत बाबांकडे.

"बाबा, हिरवा!"

"हिरवा, हिरवा. चल पुढं."

"चुकले! बाबा चुकले!" वैजू टाळ्या वाजवत नाचायला लागली. "लाल हाय! बाबा चुकले!"

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. ढवळ्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मला सगळं कळलं. मुलाणीभाऊंच्या ऑफिसातला तो प्रश्न कळला, अंगठ्याकडे बघत बसणं कळलं.

मी वैजूला आत पाठवलं, टीव्ही लावून दिला आणि येऊन पायरीवर बसले.

"कधीपासनं?"

"महिना झाला आसंल." ते हळू बोलत होते. शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडी होती. "बाकी सगळं दिसतंय मला. पेपर वाचतो, तुझा चेहरा दिसतो. फक्त लाल आन् हिरवा लांबनं सारखाच वाटतो. मळकट. पाटस स्टेशनाच्या अलीकडं मी हिरव्या सिग्नलला गाडी उभी केली. खरात म्हणाला, काका, हिरवा हाय की, का थांबलो? मी म्हणालो, ब्रेक तपासून बघितला."

खरात त्यांचा असिस्टंट. अगदी गुणी माणूस.

"आन् मग?"

"मग पुढच्या फेरीला तो आधी पुकारायचा. मी त्याच्या मागनं म्हणायचो." ते थांबले. "मागं बाराशे-पंधराशे माणसं झोपलेली, आन् मी खरातच्या तोंडाकडं बघून गाडी चालवतोय. घरी आलो ते न जेवताच पडलो. तू म्हणालीस, दगदग झाली."

मला ते आठवलं. मी त्यांना आल्याचा चहा दिला होता.

पुण्याला साडूच्या मुलाला भेटायला म्हणून गेले होते, ते डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डोळ्यामागची नस सुकत चाललीय, तंबाखू बंद करा, आहे तेवढं राहिलं तर राहील, गेलेलं परत येणार नाही, असं तो म्हणाला होता. मी तिथल्या तिथे त्यांच्या खिशातून डबी काढली आणि भिंतीपलीकडे भिरकावली. त्यांनी अडवलं नाही.

"रेल्वेच्या डॉक्टरला सांगून टाका मग."

"सांगितलं की अनफिट. इंजिनावरनं खाली उतरवलं की पेन्शन तशीबी कमी. साहेब व्हायचा कागदबी गेला, कारण त्यांना वाटंल मेडिकलला लपवलं. तवा खरंच चांगलं दिसत होतं गं मला. आन् चौकशी बसंल, की महिनाभर गाडी कशी चालवली. आख्ख्या नोकरीत मी एक लाल सिग्नल ओलांडला न्हाई. शेवटाला सगळी लाईन म्हणनार, ढवळ्या आंधळा होता आन् मेल हाकत होता."

"मला का न्हाई सांगितलं?"

त्यांनी पायरीवरची धूळ हाताने झाडली. मग म्हणाले, "तुला सांगितलं आसतं तर तूच ठरवायचं झालं आसतं. इकडं वैजू, तिकडं गाडीतली माणसं. माझं मलाच ठरवता येईना. तुझ्या गळ्यात कशाला घालू? म्हणलं, हौस हाय म्हणून जाऊ दे. तू चिडशील, दोन वर्षं बोलून दाखवशील. तेवढं सोसंल मला."

मला रडू आलं. राग आला होता तोही होताच. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की हा माणूस माझे शब्द इतके दिवस अंगावर झेलत बसला होता आणि मी त्याला पोरीचा घास काढणारा म्हणाले होते. मी त्यांचा हात धरला. आमच्यात असं हात धरणं वगैरे नव्हतं. वैजू जन्मली त्या दिवशी दवाखान्यात धरला असेल, त्यानंतर तेव्हाच.

"उद्याची गाडी न्यायची न्हाई," मी म्हणाले.

"सुट्टी देत न्हाईत. उन्हाळ्याची गर्दी हाय."

"मग ताप आला म्हणून पडून ऱ्हावा. आठ दिवस ताप, मग सोलापूर. इंजिनाला हात लावायचा न्हाई तुम्ही."

"आन् वैजू?"

मी मनात त्या गाडीत वैजूला बसवून बघितलं. खिडकीशी बसून, दाणे खात, सिग्नल पुकारत. मग पुढे काही बघवलं नाही.

"वैजूचं बघू," मी म्हणाले. "माझे हातपाय धड हायत आजून."

सोमवारी सकाळी मुलाणीभाऊ आले. ढवळे आतल्या खोलीत डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन पडले होते. ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावतात त्या लॉबीत सकाळीच निरोप गेला होता, की ताप चढलाय.

"कुठायत पेशंट? एक सही घेतो आन् जातो." भाऊंनी कागद टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं. "वैनी, लई शहाणपनाचं काम केलंत. दुसरी बाई आसती तर हुरळून गेली आसती."

"भाऊ, सही न्हाई करायची."

"म्हंजे?"

"ते सोलापूरला जानार. तुम्ही हो म्हणून कळवून टाका. आन् लवकर सोडायला सांगा."

मुलाणीभाऊ चांगला माणूस. वैजूसाठी त्यांनी अपंगत्वाच्या दाखल्यापासून सगळी धावपळ केली होती, एक चहा सोडून काही घेतलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले आणि मला पहिल्यापासून समजवायला लागले. मूळ पगार, वरचा भाग, माझी पेन्शन, वैजूची पेन्शन. मी ऐकत होते. मला सगळं पाठ होतं.

"मला ठाऊक हाय, भाऊ."

"ठाऊक हाय? मग ढवळ्यांचं डोकं फिरलंय का? थांबा, मीच बोलतो त्यांच्याशी. एकाएकी ड्रायव्हर इंजिन का सोडतोय, काय भानगड हाय..." आणि ते आतल्या खोलीकडे निघाले.

मी दारात आडवी झाले. तेव्हा मला काय सुचलं ते मलाही माहीत नाही. मी पदर खोचला आणि म्हणाले, "त्यांना काय विचारताय? मी सांगितलंय त्यांना. ते न्हाईच म्हणत होते. मला साहेबीण व्हायचंय."

मुलाणीभाऊ माझ्याकडे बघतच राहिले.

"तुम्हाला?"

"मला. जन्मभर ड्रायव्हरीण म्हणून ऱ्हायले. कसबेबाई मिरवतात, मी का नको? दोन वर्षं का होईना, दारात शिपाई पायजे मला. क्लबात खुर्ची पायजे."

"आन् पोरीचं?"

"पोरीचं नशीब पोरीपाशी."

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं ते माझं मला माहीत. मुलाणीभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. जाताना दारात थांबून म्हणाले, "वैनी, कुनाबद्दलबी आसं वाटलं आसतं. तुमच्याबद्दल वाटलं नव्हतं." चहा तसाच राहिला.

ते फाटकाबाहेर गेल्यावर ढवळे पांघरूण टाकून बाहेर आले. डोळे लाल झाले होते.

"काय केलंस हे? कॉलनी हाय ही. मरेपर्यंत ऐकवतील तुला."

"ऐकवू द्या. मला कुठं मेल चालवायचीय?"

आणि ऐकवलंच. संध्याकाळपर्यंत नळावर पोचलं होतं. ढवळे नको म्हणत होते, बायकोने नाक दाबून साहेब केला. पोरीच्या जिवावर हौस. बाया मला बघून गप्प व्हायच्या. माझ्या भाचीनेही वर्षभर बोलणं टाकलं होतं. ढवळे सोलापुरात दोन वर्षं खुर्चीवर बसले, त्यांना मोठा हार मिळाला आणि मुलाणीभाऊंनी सांगितली होती तशी लहान पेन्शन मिळाली. खरात मेल ड्रायव्हर झाला.

आता ढवळ्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मला त्यांच्यामागची पेन्शन मिळते, ती त्याहून लहान. मी आणि वैजू शेंगदाण्याची चटणी करून विकतो, दाणे ती निवडते. कमी पडतं. मागे कुणी नसेल तेव्हा तिला ते आणखी कमी पडेल, आणि ती भीती मी रोज अंथरुणावर घेऊन पडते. ती गेलेली नाही. पण दुपारची मेल आमच्या आताच्या, रुळांकाठच्या भाड्याच्या घरामागून धडधडत जाते, तेव्हा खिडक्यांशी बसलेली माणसं मला दिसतात आणि मी हातातलं काम थांबवून शेवटचा डबा जाईपर्यंत उभी राहते.

परवा बाजारात मुलाणीभाऊंची बायको भेटली. सोबत तिची सून होती. सुनेला माझी ओळख करून देताना ती जराशी हसून म्हणाली, "या आपल्या साहेबीणबाई."

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि सुनेला म्हणाले, "व्हय. मीच ती."